गजाननचा युरिया आणि जंगूबाईचं मेण

सकाळचे साडेदहा वाजले होते. मी ट्रकखाली पाठीवर आडवा होतो आणि डोळे मिटून पाना फिरवत होतो, कारण वरून गंजाचा चुरा सरळ तोंडावर पडत होता. सहा नट निघाले होते. दोन निघत नव्हते. बाहेर चाकाशी उकिडवा बसलेला ड्रायव्हर गजानन दर दोन मिनिटांनी तेच विचारत होता.

"निंगला का, मिस्त्री?"

"निंगला की बँड लावून सांगतो. तवर गप बस."

आदिलाबादला लागून मावला नावाचं गाव आहे. तिथे हायवेच्या कडेला माझं मोठ्या गाड्यांचं वर्कशॉप आहे. घरात हात काळे करणारा मी एकटाच. थोरला भाऊ मास्तर, धाकटी बहीण मंडलाच्या तहसील ऑफिसात क्लार्क. मी आयटीआय केलं, वीस वर्षं नागपुरात एका कंपनीच्या वर्कशॉपमध्ये काढली आणि मग गावाकडे येऊन स्वतःचं शटर उघडलं. माझ्या हातून न उघडलेला नट अजून बनायचा आहे, असं मी गिऱ्हाइकांना सांगत असे. त्या दिवसानंतर सांगत नाही.

गजाननची गाडी आठ वाजता आली ती बैलगाडीच्या चालीनं. बाजारहत्नूरकडून कापूस भरून तो आदिलाबादच्या जिनिंग मिलला निघाला होता. सुटा कापूस, वर ताडपत्री, चारी बाजूंनी दोर. वाटेत आधी पिवळा दिवा लागला, मग लाल लागला, मग गाडीनं चढावर मान टाकली. इंजिन चालू, पण ताकद नाही. हल्लीच्या गाड्या असंच करतात. धूर नीट साफ होत नाही असं गाडीतल्या कॉम्प्युटरला कळलं, की तो स्वतःच इंजिनाची ताकद कापतो. ड्रायव्हरनं झक मारत मिस्त्रीकडे यावं, हा त्यामागचा हेतू.

धूर साफ करणारं जे काही आहे, ते थोडक्यात सांगतो. सायलेन्सरच्या जागी, चेसिसच्या खाली, एक मोठा पत्र्याचा डबा असतो. पुस्तकात त्याला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर म्हणतात. आम्ही कॅट म्हणतो. ड्रायव्हर नुसतं डबा म्हणतात, मीही इथे डबाच म्हणतो. इंजिनाचा धूर या डब्यात शिरला की त्याच्यावर युरियाच्या पाण्याचा बारीक फवारा बसतो. हे पाणी वेगळ्या टाकीत असतं आणि पंपावर बादलीत विकत मिळतं. मग तो धूर एका जाड चकतीतून जातो. चकती भाजलेल्या मातीची, तिला आरपार हजारो बारीक भोकं, आणि भोकांच्या भिंतींना औषधाचा लेप. इकडून विषारी वायू आत जातो आणि तिकडून साधी हवा आणि वाफ बाहेर येते. आत काही फिरत नाही, काही हलत नाही. एवढी वर्षं या धंद्यात आहे, पण हे कुणाला सांगताना मला अजूनही नवल वाटतं.

मी स्कॅनर लावला. डबा तुंबलाय, असं त्यानं सांगितलं. पाच वर्षांची गाडी, इतक्यात तुंबायला नको होता. म्हणून मी युरियाच्या टाकीचं झाकण उघडलं आणि नाक जवळ नेलं. कडुनिंबाचा वास आला.

"गजानन, ह्या टाकीत काय टाकलं?"

"थेच, युरियाचं पानी."

"कोनतं?"

गजानननं चपलेकडे पाहिलं. "घरी बनवलं."

मी टाकीचं झाकण परत लावलं. आमच्या भागात पऱ्हाटीचं, म्हणजे कापसाचं पीक. प्रत्येक घरात युरियाची गोणी असते. पोरं चालायला लागायच्या आधी तिच्यावर चढायला शिकतात. गजाननही कापूसवाल्याच्याच घरातला. पंपावरच्या बादलीवर लिहिलेलं त्यानं वाचलं: तीन भागातला एक भाग युरिया, बाकी पाणी. त्याला वाटलं, एवढंच असेल तर विकत कशाला? घरच्या काट्यावर युरिया मोजला, बोअरचं पाणी मोजलं, फडक्यानं गाळलं आणि टाकीत ओतलं. असं त्यानं चार वेळा केलं होतं.

"माप एकदम बरोबर घेतलं, मिस्त्री," तो म्हणाला. त्याही अवस्थेत त्याला मापाचा थोडा अभिमान होता.

माप बरोबर होतं, हाच घात झाला. टाकीत एक सेन्सर असतो. युरियाचं प्रमाण चुकलं की तो लगेच ओरडतो. गजाननचं प्रमाण इतकं नेमकं होतं की सेन्सर फसला. शेतीच्या युरियाला कडुनिंबाच्या तेलाचा हात दिलेला असतो आणि बोअरच्या पाण्यात क्षार असतात, हे त्या सेन्सरला कळत नाही. तेल आणि क्षार सगळे जाऊन त्या मातीच्या भोकांत बसले.

"शेठले सांगू नका," गजानन म्हणाला. "चाबी काहाडून घेईन थो."

गजानन अकरा वर्षं शेठचा ट्रॅक्टर चालवत होता. पाच वर्षांपूर्वी शेठनं हा ट्रक घेतला आणि इतर दोघा ड्रायव्हरांना सोडून चावी गजाननला दिली. देताना एकच अट घातली, गाडीत आपल्या मनानं काही कारभार करायचा नाही. गजाननला गाडीचा खर्च कमी दाखवायचा होता, शेठनं शाबासकी द्यावी म्हणून. त्यातून हा कारभार झाला. ट्रकच्या काचेवर त्यानं स्वतःच्या दोन मुलींची नावं लिहून घेतली होती. शेठच्या गाडीवर ड्रायव्हरच्या मुलींची नावं! यावरून काय ते समजा.

"मी खोटं बोलत नसतो," मी म्हटलं. "शेठनं इचारलं तं सांगीन. पन डबा साबूत उतरला तं गरम पान्यानं धुता येते. मंग तुले तोंड दाखवाले जागा राहीन. डबा फुटला तं नवा मागवा लागते, अन् मंग तुह्या चाबीचं मी काई सांगू शकत नाई."

म्हणजे सगळं त्या आठ नटांवर आलं. डब्याच्या मागे चार आणि पुढे चार.

मागचे चार नट सरळ निघाले. पुढचे दोन कुरकुर करत निघाले. उरलेले दोन फवाऱ्याच्या नळीच्या अगदी खाली होते. नळीचा जोड झिरपत होता. गजाननचं पाणी महिनोन्‌महिने त्या तापलेल्या लोखंडावर थेंबथेंब पडलं होतं. नट आणि बोल्ट वेगळे ओळखू येत नव्हते. दोन्ही मिळून एक तपकिरी गाठ झाली होती, वर पांढरी बुरशी आल्यासारखा युरिया.

मी गंज सोडवायचा स्प्रे मारला. थांबलो. पुन्हा मारला. मग डिझेल आणि ब्रेक ऑइल मिसळून लावलं, हा नागपूरचा उपाय. मग पान्याला चार फुटी पाइप लावून जोर दिला. पाना सटकला, नटाच्या कडा झिजून नट गोल झाला आणि माझं कोपर चेसिसवर आपटलं. मी जे बोललो ते इथे लिहिता येत नाही.

हातोडा मारता येत नव्हता. आतली चकती मातीची, बाहेरून एक जोराचा ठोका बसला की आत तडा. उरलं गॅस कटिंग. एरवी मी दहा मिनिटांत ज्योत लावून नट कापून टाकला असता. मी गॅसचा टॉर्च हातात घेतलाही. मग वर पाहिलं. डोक्यावर ट्रकभर सुटा कापूस होता, ताडपत्रीच्या फटींतून त्याचे पुंजके बाहेर लोंबत होते. एक ठिणगी पुरली असती. ट्रक, वर्कशॉप, शेजारचं चहाचं हॉटेल, सगळं गेलं असतं. माल उतरवायचा तर हमाल हवेत, दुसरी गाडी हवी, म्हणजे शेठला फोन. मी टॉर्च खाली ठेवला.

तेवढ्यात ट्रकखालून मला दोन अनवाणी पाय दिसले. पायांत जाड पितळी वाळे होते. जंगूबाई आली होती.

जंगूबाई ओझा समाजाची. पितळेच्या मूर्ती, घंटा, दिवे ओतणारे हे लोक. त्यांची पद्धत अशी: मातीच्या गोळ्यावर मेणाच्या बारीक दोऱ्यांनी सगळं नक्षीकाम करायचं, वरून पुन्हा माती थापायची आणि भट्टीत तापवायचं. मेण वितळून निघून जातं. त्याच्या रिकाम्या जागेत पितळेचा रस ओतायचा. माती फोडली की आत मूर्ती. जंगूबाईचं वय सत्तरच्या पुढे असेल, तिलाही नक्की माहीत नाही. दर महिन्या-दोन महिन्यांनी ती बसनं येते आणि माझ्याकडचे जुने पितळी बुश, रेडिएटरच्या टाक्या घेऊन जाते. माझ्याशी ती धाकट्या दिराशी बोलावं तशी बोलते.

"काऊन बाबू, लोखंडासंगं भांडून राह्यला?"

"भांडून नाई राह्यलो, जंगूबाई. हरून राह्यलो."

ती गुडघ्यांवर हात ठेवून वाकली आणि खाली पाहिलं. "गंजला."

"गंजला."

"मेन लावलं का?"

मला हसू आलं. "जंगूबाई, अर्धा डबा स्प्रे मारला. भारीतला हाय."

"फवाऱ्याचं नाई इचारलं मी. मेन लावलं का?"

मी बाहेर आलो. तिनं पिशवीतून लिंबाएवढा एक गोळा काढला. काळपट, चिकट, पोळ्यातल्या मेणाचा. बाजारातून घेऊन ती गावी निघाली होती. त्याला मधाचा आणि थोडा धुराचा वास होता.

"समईचा पेच आटकला, घंटीचा पेच आटकला, तं माही सासू हेच लावाची," ती म्हणाली. "पन ऊन करा लागते. थंड्या लोखंडाले मेन काय करन?"

मी तिला वरचा कापूस दाखवला, टॉर्च दाखवला आणि अडचण सांगितली. तिनं मान वर करून कापसाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि एखाद्या मठ्ठ पोराला सांगावं तसं सांगितलं.

"जाळ इकडं कायले पायजे? जाळ तिकडं ठेव. लोखंड इकडं आन."

मी वळून हॉटेलाकडे पाहिलं. गजाननही उठून उभा राहिला.

शेजारच्या हॉटेलात कोळशाची शेगडी होती, ट्रकपासून चांगली साठ-सत्तर पावलं लांब. जंगूबाई माझ्या भंगाराच्या ढिगापाशी गेली. तिथे शेकडो तुकडे पडलेले. तिनं दोन-तीन उचलून पाहिले, टाकले, आणि चाकाचा एक जुना जाड नट घेतला. ट्रकखाली वाकून तिनं अडकलेल्या नटाकडे एकदाच पाहिलं होतं. मी तिच्या हातातला नट घेऊन खाली गेलो आणि अडकलेल्या नटावर ठेवून पाहिला. टोपीसारखा बरोब्बर बसला. ना घट्ट, ना ढिला. माझ्या भिंतीवर मापाची तीन साधनं टांगलेली आहेत. मला वापरूनही इतक्या लवकर तो सापडला नसता.

तरी मी मिस्त्री आहे. धोका आहे का याचा विचार करणं माझं काम. हा डबा गाडी चालताना याहून जास्त तापतो आणि तो रोज याच कापसाखाली असतो. भीती तापण्याची नाही, ज्योतीची आणि ठिणगीची. मी ताडपत्रीच्या लोंबत्या कडा वर बांधल्या, कापसाचे पुंजके वेचले, खाली ओलं पोतं पसरलं आणि पाण्याच्या दोन बादल्या हाताशी ठेवल्या. मग म्हटलं, चला.

शेगडीत चाकाचा नट तापू लागला. जंगूबाई बाजूला बसून त्याच्याकडे पाहत होती. लाल व्हायच्या आधीच ती म्हणाली, "काहाड."

"अजून लाल नाई झाला," गजानन म्हणाला.

"लाल झाला तं मेन जळते. काहाड म्हनलं ना!"

गजानन सांडशीत तो नट धरून धावत आला. मी खालून तो अडकलेल्या नटावर टोपीसारखा बसवून धरला. जंगूबाईही पदर खोचून ट्रकखाली सरकली होती. मी नको म्हटलं, तिनं ऐकलं नाही. ती मनातल्या मनात काहीतरी मोजत होती.

"आता काहाड."

मी टोपी काढली. तिनं हाताचा मागचा भाग नटाजवळ नेला, मान हलवली आणि मेणाचा गोळा बोल्टच्या टोकाला नुसता टेकवला. मेण वितळलं. मला वाटलं, आता खाली ठिबकेल. एक थेंब खाली पडला नाही. दिव्याची वात तेल ओढते तसं नट आणि बोल्टच्या मधल्या गंजानं ते मेण आत ओढून घेतलं. आम्ही पाहत होतो आणि मेण आत जात होतं. जिथे केस शिरायला जागा नव्हती, तिथे.

नंतर मी यावर विचार केला. आधी नट तापतो, बोल्ट मागाहून. तापलेला नट थोडासा फुगतो. किती थोडासा, ते डोळ्यांना दिसत नाही. तेवढ्यात मेणाला वाट मिळते. तापून आणि निवून गंजाची पकड सुटते आणि मेण आत वंगण होऊन राहतं. मला हे सगळं कागदावर समजावता येतं. पण जंगूबाईनं ते केलं आणि मी समजावलं, यात मोठं कोण, हे मला कुणी सांगायला नको.

मी लगेच पाना लावायला गेलो. तिनं माझ्या मनगटावर चापट मारली.

"आताच नाई. निवू दे. निवतानाच पेते थे."

निवू दिलं. पुन्हा तापवलं, पुन्हा मेण, पुन्हा निवू दिलं. तिसऱ्यांदा झाल्यावर ती म्हणाली, "आता पाय. जोर नोको लावू."

मी पाइप न लावता साधा रिंग पाना घातला आणि मनगटानं हलकेच दाबला. आतून बारीक किरकिर आली. पाना हलला. मला खरं वाटेना, म्हणून मी तो परत जागेवर आणला आणि पुन्हा दाबला. पुन्हा हलला. मग मी नट बोटांनी फिरवून काढला. बोटांनी! चार फुटी पाइपला जो दाद देत नव्हता, तो माझ्या तळहातावर गरम पडला होता आणि त्याच्या आट्यांत मेण चमकत होतं. लाज सोडून सांगतो, डोळ्यांत पाणी आलं. मी ते गंजावर ढकललं.

"निंगला का?" बाहेरून गजानन.

मी नट त्याच्याकडे घरंगळत सोडला. बँड लावायचं विसरलो.

दुसरा नट तोच, ज्याच्या कडा मी घासून गोल केल्या होत्या. त्याला पाच वेळा तापवावं लागलं. माझ्याकडे बघून जंगूबाई म्हणाली, "हे कोन केलं?" मी म्हटलं, "आधीच्या मिस्त्रीनं." ती म्हणाली, "थो मिस्त्री चांगला नाई दिसत." गजानन पहिल्यांदाच हसला. शेवटी साखळीच्या पकडीनं तोही नट फिरला. बोल्ट तुटला नाही, डब्याला एक ठोका लागला नाही.

दीड वाजता आम्ही डबा खाली उतरवला. तोंड उघडं करून उन्हाकडे धरला आणि आत पाहिलं. काळोख. चकतीवर पांढरट पिवळा थर, वाळलेल्या खरवडीसारखा. बोटानं दाबला तर दगड. गजाननचा चेहरा पडला. मी म्हटलं, थांब.

युरिया गरम पाण्यात विरघळतो, हे गजाननला माझ्याहून आधीपासून माहीत होतं. आम्ही हॉटेलातलं मोठं पातेलं मागून घेतलं, पाणी तापवलं आणि चकती त्यात बुडेल असा डबा उभा केला. पहिलं पाणी ताकासारखं निघालं, वर तेलाचा तवंग. दुसरं थोडं कमी. तिसऱ्या पाण्यानंतर मी हलक्या हवेनं उलट बाजूनं फुंकर मारली आणि डबा पुन्हा उन्हाकडे धरला.

या वेळी उजेड आला. आधी एका कोपऱ्यात, मग ओल निथळत गेली तसा चकतीभर. एकेक भोक चौकोनी, सुईच्या नाकाएवढं, मधली भिंत कागदासारखी, आणि सगळी भोकं या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ. काही बंदच राहिली, ती आता उघडणार नाहीत. पण बाकीच्यांतून पलीकडचं आभाळ दिसत होतं.

जंगूबाईनं डब्याचं तोंड आपल्याकडे ओढलं. डोळा लावून ती बराच वेळ पाहत राहिली. तिची अडीचची बस हॉर्न देत समोरून निघून गेली, तिनं वळून पाहिलं नाही.

"कोन केलं हे? मधमाशीनं का मानसानं?"

"मानसानं. कारखान्यात. ओली माती साच्यातून दाबून काहाडतात अन् भाजतात."

"माती हाय?"

"मातीच हाय."

तिनं बोट चकतीच्या जवळ नेलं, पण लावलं नाही. "आमी मातीत एक वाट ठेवतो पितळंसाठी. कदी दोन. त्यातली बी कदी बुजते, मंग मूर्ती आंधळी निंगते. यानं इतल्या वाटा ठेवल्या, बाबू. इतल्या! अन् एक मोडली नाई." मग ती म्हणाली, "असा कारागीर पाहाले पायजे होता."

मी असे शेकडो डबे हाताळले आहेत. धुतले, बदलले, फुटलेले भंगारात फेकले. पुस्तकातला नियम सांगून लोकांवर छापही पाडली. पण आत डोळा लावून करणाऱ्याची आठवण मला कधी झाली नव्हती. त्या दुपारी एका बाजूला तो न पाहिलेला कारखान्यातला माणूस होता आणि दुसऱ्या बाजूला मेणाचा गोळा पिशवीत परत ठेवणारी ही बाई. मी मध्ये पाना घेऊन उभा होतो आणि मला स्वतःचा हुद्दा बराच लहान वाटला. वाईट वाटलं नाही, बरंच वाटलं.

साडेतीनच्या बसनं जंगूबाई गेली. मी तिला रेडिएटरची एक अख्खी पितळी टाकी दिली. ती उचलून वजन बघत म्हणाली, "एवढं मोठं दुकान अन् मेन ठेवत नाई!" आणि पायरी चढली.

आम्ही डबा परत चढवला. नवे नट, नवी गॅस्केट, झिरपणारा जोड बदलला. टाकी चार वेळा धुतली आणि तिच्यात पंपावरचं सीलबंद पाणी ओतलं, ते गजानननं स्वतः जाऊन आणलं होतं. गाडी सुरू केली. लाल दिवा तसाच. स्कॅनरनं जुने कोड पुसले, इंजिन तापू दिलं. वीस मिनिटांनी लाल दिवा गेला, मग पिवळा गेला. गजाननचा हात आपोआप काचेवरच्या नावांकडे गेला.

तेवढ्यात शेठची कार आत वळली.

शेठचं बोलणं हिंदीत. तो उतरला, मोबाइल पुढे धरला. "सुबह आठ बजे से गाड़ी एक जगह खड़ी है. इसमें सब दिखता है. फोन क्यों नहीं किया?"

गाडीत ट्रॅकर आहे हे आम्ही दोघंही विसरलो होतो. म्हणजे हा माणूस दिवसभर तो स्थिर ठिपका पाहत बसला होता. शेठ माझ्याकडे वळला. "क्या हुआ, मिस्त्री?"

मी हात पुसायला फडकं घेतलं. उत्तर माझ्या जिभेवर होतं. पण त्याआधी गजानन पुढे झाला.

"मिस्त्रीले नोका इचारू, शेठ. मी सांगतो."

आणि त्यानं सगळं सांगितलं. गोणी, काटा, बोअरचं पाणी, चार वेळा. खर्च कमी दिसावा म्हणून केलं, हेही सांगितलं. एकही गोष्ट गाळली नाही. शेठनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग मला विचारलं, "डब्बा टूटा?"

"नाही. शाबूत आहे."

तो खाली वाकून पाहून आला. हात झटकले आणि गजाननपुढे तळहात धरला. "चाबी."

गजानननं चावी ठेवली. शेठ स्वतः ड्रायव्हरच्या सीटवर चढला, गजाननला पलीकडे बसायची खूण केली, आणि कापसानं भरलेला तो ट्रक गुडीहत्नूरच्या दिशेनं बाहेर पडला. चढाचा रस्ता आहे तो. गाडीत ताकद आली की नाही, तिथे कळतं. गाडीचं मला काही वाटत नव्हतं. मी शटरपाशी उभा राहिलो. अर्ध्या तासात मी तीन वेळा हात धुतले.

ट्रक परत आला तेव्हा ऊन उतरतीला लागलेलं, काचेवर नुसती चकाकी. कोण चालवतंय ते दिसेना. वळण घेऊन तो आत शिरला, सावलीत आला, तेव्हा दिसलं. स्टिअरिंगवर गजानन होता. शेठ डावीकडे, खिडकीवर कोपर टेकून बसलेला.

वाटेत काय बोलणं झालं ते गजानननं मला आजवर सांगितलेलं नाही आणि मी विचारलेलं नाही.

शेठ उतरला. "ये डब्बा कितना चलेगा?"

मी खरं ते सांगितलं. काही भोकं कायमची गेली आहेत, नव्यासारखा होणार नाही. वर्ष, दीड वर्ष. पुढचं टाकीत काय ओतता त्यावर. शेठनं गजाननकडे पाहिलं. गजानननं गिअर टाकला आणि जिनिंगकडे निघाला, कारण फाटक सहाला बंद होतं.

या सगळ्यातून गजाननला जे शिकायचं होतं, ते युरियाच्या गोणीवर ठळक छापलेलं असतं: फक्त शेतीसाठी. मला जे शिकायचं होतं, ते कुठेच छापलेलं नव्हतं. ज्या बाईला ते येतं तिला लिहिता येत नाही, म्हणून मी लिहिलं.